दोन बोटं खाली

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये माझ्दाने एमएक्स-५ मिआटा ही छोटी, उघड्या छताची, दोन आसनांची गाडी जगापुढे आणली. प्रमुख अभियंता होते तोशिहिको हिराई. १.६ लिटरचं इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन हजार किलोच्या आत, तेही पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मंनिम्मं. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाकाला एक वर आणि एक खाली असे दोन आर्म. एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. उघड्या छताच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कुठल्याच गाडीचा झालेला नाही.

इतक्या लाडक्या गाडीतही मालकांच्या डोळ्यांना एक गोष्ट खुपते. टायरचा माथा आणि फेंडरची कमान यांच्यामध्ये बरीच जागा रिकामी दिसते. स्पोर्ट्स कार जमिनीला चिकटलेली हवी, आणि ही मात्र थोडी टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसते. मग बाजारात शोध सुरू होतो. लोअरिंग स्प्रिंग, कॉइलओव्हर, कमी उंचीचे शॉकअप असं सगळं मिळतं, आणि त्यांच्या किमतींत दहापटीचा फरक सहज असतो. यातलं काय घ्यायचं हे ठरवताना बहुतेक जण ‘गाडी किती खाली येईल?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारतात. तो खरं तर सर्वांत शेवटी विचारायचा असतो.

खाली आणल्याने फायदा होतो, यात शंका नाही. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. तो किती सरकेल हे चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. समजा गाडी १,००० किलोची आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिमीवर आहे आणि चाकांमधलं अंतर १,४०० मिमी आहे. ०.८ जी एवढ्या जोराच्या वळणात सुमारे २८६ किलोंचा भार बाहेरच्या बाजूला जातो. हीच गाडी २५ मिमी खाली आणली, तर तो आकडा २७१ वर येतो. म्हणजे ५ टक्क्यांची बचत. टायरवर जितका जास्त भार पडतो, तितकी प्रत्येक किलोमागे मिळणारी त्याची पकड घटते. त्यामुळे भार कमी सरकला तर दोन्ही बाजूंचे टायर मिळून जास्त पकड देतात. स्पर्धेत ५ टक्के ही मोठी कमाई ठरते. पण रोजच्या रस्त्यावर चांगले टायर घातल्याने जो फरक पडतो, त्यापुढे ती किरकोळ आहे. खाली आणलेली गाडी चालवताना एकदम वेगळी वाटते, त्याचं मोठं श्रेय नव्या स्प्रिंगच्या कडकपणाला जातं.

आता या फायद्याची किंमत. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचं चाक धक्का बसल्यावर ठरावीक अंतरच वर जाऊ शकतं. त्यापुढे बंप स्टॉप नावाचा रबरासारख्या फोमचा ठोकळा येतो आणि त्याच्यापुढे लोखंडाला लोखंड भिडतं. हे वर जाण्याचं अंतर हीच सस्पेन्शनची खरी पुंजी. गाडी जितकी खाली बसवली, तितके मिलिमीटर या पुंजीतून खर्च झाले, असा सरळ हिशेब आहे.

तो आकड्यांत मांडला की प्रश्न किती गंभीर आहे ते कळतं. समजा मूळ गाडीत बंप स्टॉपपर्यंत ७५ मिमी जागा होती. गाडी २५ मिमी खाली आणली, आता ५० मिमी उरली. खड्ड्यातून आलेला धक्का तेवढाच आहे. तो पूर्वी ७५ मिमीत जिरायचा, आता ५० मिमीत जिरायला हवा. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७५ भागिले ५० म्हणजे दीड. दीडचा वर्ग सव्वादोन. म्हणजे उंची फक्त २५ मिमीने कमी केली, तरी तोच धक्का ठोकळ्याला न लागता पचवायचा तर स्प्रिंग सव्वादोनपट कडक हवी! रस्त्यावरच्या गाड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक लोअरिंग स्प्रिंग्स इतक्या कडक नसतात, कारण तशी गाडी रोज चालवणं नकोसं होईल. परिणामी खाली आणलेल्या अनेक गाड्या अर्धा वेळ स्प्रिंगवर आणि अर्धा वेळ बंप स्टॉपवर धावत असतात. ‘स्पोर्टी कडक राइड’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, ती बऱ्याचदा ठोकळ्यावर आपटणारी गाडी असते.

पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये ही अडचण स्पष्ट दिसते. तिच्या मागच्या चाकांना वर जायला मुळातच फार जागा नाही. तिथे फक्त छोट्या स्प्रिंग्स घातल्या, की वळणात रस्त्याचा उंचवटा आला रे आला, की मागचं बाहेरचं चाक बंप स्टॉपला टेकतं. टेकताक्षणी मागच्या बाजूचा कडकपणा एकदम कितीतरी पट वाढतो, त्या चाकावर भार आदळतो, टायरची पकड सुटते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर झेपावतो. चालकाला आधी काही सुगावाही लागत नाही. यावर जाणत्या मालकांनी शोधलेला उपाय अगदी साधा आहे. दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ मधले शॉकअपचे वरचे माउंट पहिल्या पिढीच्या गाडीत बसवता येतात आणि त्यामुळे थोडी जास्त हालचाल मिळते. त्यासोबत छोटे, हळूहळू दबत जाणारे पॉलियुरेथेनचे बंप स्टॉप. गाडी बाहेरून तसूभरही बदललेली दिसत नाही, पण वागणूक पार बदलते.

स्प्रिंग किती कडक हवी हे ठरवायचं एक जुनं आणि भरवशाचं माप म्हणजे गाडीची नैसर्गिक वारंवारता: धक्का बसल्यावर ती सेकंदाला किती वेळा वरखाली होऊ पाहते. १९३० च्या दशकात रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आलेल्या मॉरिस ऑली यांनी कॅडिलॅकच्या गाड्यांवर प्रयोग करून या शास्त्राचा पाया घातला. साध्या कौटुंबिक गाड्या साधारण एक ते दीड हर्ट्झमध्ये असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार दीड ते दोनच्या आसपास, आणि शर्यतीच्या गाड्या त्याहून वर. एका चाकावर गाडीचा २२५ किलो भार असेल आणि चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला १५ न्यूटन असेल, तर वारंवारता येते १.३ हर्ट्झ. तो सव्वादोनपट, म्हणजे ३४ न्यूटनच्या घरात नेला, की साधारण १.९५ हर्ट्झ. पाठीच्या मणक्यांना हा फरक लगेच कळतो.

यात ‘चाकापाशी’ हा शब्द महत्त्वाचा. डबल विशबोनमध्ये स्प्रिंग चाकापासून आत, आर्मच्या मधेच कुठेतरी टेकलेली असते. चाक १० मिमी हललं तर स्प्रिंग कदाचित ७ मिमीच दबते. हे ०.७ चं गुणोत्तर कडकपणाच्या हिशेबात वर्ग होऊन येतं: स्प्रिंगवर ५० न्यूटन लिहिलेलं असलं तरी चाकापाशी मिळतात साडेचोवीस. स्ट्रट, म्हणजे चाकाला थेट जोडलेला स्प्रिंग-शॉकअपचा खांब, असलेल्या गाडीत हे गुणोत्तर एकाच्या जवळ जातं. म्हणून एका गाडीला शोभणारी स्प्रिंग दुसऱ्या गाडीत त्याच आकड्याने घालणं चुकीचं. जपानी स्प्रिंग्सवर मिलिमीटरला किती किलो हे छापलेलं असतं. त्यातला १ किलो म्हणजे ९.८१ न्यूटन, हे खरेदी करताना लक्षात असू द्यावं.

पैसे वाचवण्याचा एक उपाय अनेक गॅरेजांत सुचवला जातो: मूळ स्प्रिंगचे एक-दोन वेढे ग्राइंडरने कापायचे. स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा चालू वेढ्यांतला एक कापला, तर उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते. गाडीही खाली येते. मात्र कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही, आणि जॅकवर चाक लोंबकळलं किंवा मोठ्या खड्ड्यात गेलं, की मोकळी झालेली स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. स्प्रिंग गॅसच्या ज्योतीने तापवून बसवणं तर त्याहून घातक, कारण पोलादाला कारखान्यात दिलेली उष्णताप्रक्रिया तिथल्या तिथे नष्ट होते. नवी स्प्रिंग बनवणारे लोक वेगळ्या वाटेने जातात. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो: तार १० टक्के जाड केली, की कडकपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे वेढे, व्यास आणि जाडी यांचा मेळ घालून उंची कमी, कडकपणा जास्त आणि टोकं बरोबर वाटीत बसणारी स्प्रिंग बनवता येते. आयबाख ही जर्मन कंपनी १९५१ पासून या धंद्यात आहे.

स्प्रिंगइतकंच, किंबहुना जास्त, लक्ष शॉकअपकडे हवं. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत फेकते. ती जिरवण्याचं काम शॉकअपमधल्या तेलाचं. स्प्रिंग सव्वादोनपट कडक झाली, तर गाडीचं डोलणं तेवढंच आटोक्यात राहण्यासाठी शॉकअपचा जोर दीडपट व्हावा लागतो. मूळ शॉकअपवर कडक स्प्रिंग घातली, की प्रत्येक उंचवट्यानंतर गाडी एक-दोनदा डोलते. शिवाय तो शॉकअप आता आधीच अर्धवट दबलेल्या अवस्थेत काम करत असतो.

म्हणून शहाणी खरेदी शॉकअपपासून सुरू होते. बाजारातला माल पाहिला तर बनवणाऱ्यांनी ही उतरंड आधीच मांडून ठेवलेली आहे. बिल्स्टाइनचे बी६ हे मूळ उंचीसाठीचे कडक शॉकअप. बी८ हे त्यांचेच आखूड भाऊ, खास लोअरिंग स्प्रिंगसाठी बनवलेले. आणि बी१२ म्हणजे आयबाखच्या स्प्रिंग्सबरोबर जुळवून दिलेला पूर्ण संच. यापुढे कॉइलओव्हर येतात. त्यांत स्प्रिंगची वाटी शॉकअपच्या आटे पाडलेल्या अंगावर वरखाली फिरते, त्यामुळे उंची हवी तशी ठेवता येते. बी१४ मध्ये फक्त उंची बदलते. बी१६ मध्ये शॉकअपचा जोरही. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट १ मध्ये केवळ उंची, २ मध्ये चाक परत खाली येतानाचा जोर, तर ३ मध्ये वर जाताना आणि खाली येताना असा दोन्हीकडचा जोर वेगवेगळा जुळवता येतो. डच कोनीचे पिवळे स्पोर्ट शॉकअप आणि १९७६ मध्ये केंट ओहलिन यांनी स्थापन केलेल्या स्वीडिश ओहलिन्सची रोड अँड ट्रॅक मालिका एमएक्स-५ च्या मालकांच्या खास आवडीची.

कॉइलओव्हर घेताना एक बारीक गोष्ट तपासून पाहावी. काही संचांत उंची कमी करायची म्हणजे स्प्रिंगची वाटीच खाली न्यायची. तिथे जितकं खाली जाल, तितका शॉकअपचा उरलेला प्रवास कमी होतो. काहींत शॉकअपचं खालचं बूड वेगळं असतं आणि सगळा शॉकअप त्यात खाली-वर फिरतो. तिथे उंची बदलली तरी शॉकअपचा स्वतःचा प्रवास तेवढाच राहतो. अर्थात टायर आणि फेंडर यांच्यातली जागा तर दोन्हींत सारखीच घटते. बत्तीस क्लिकची घुंडी असलेला स्वस्त संच आणि एकही घुंडी नसलेला चांगला संच यांत निवड करायची वेळ आली, तर दुसरा घ्यावा. आतले व्हॉल्व्ह नीट जुळवलेले नसतील, तर बाहेरच्या घुंडीने ते जुळत नाहीत.

गाडीच्या हाडांची रचनाही निर्णयात येते. एमएक्स-५ सारख्या डबल विशबोनच्या गाडीत वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब असल्यामुळे गाडी खाली आली की चाकाचा माथा आपोआप थोडा आत झुकतो, आणि वळणात ते उपयोगी पडतं. २०१२ मध्ये आलेल्या टोयोटा जीटी८६ आणि तिच्या जुळ्या सुबारू बीआरझेडमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. तिथे जास्त खाली गेलं की खालचा आर्म चाकाच्या बाजूला वर चढलेला दिसू लागतो. मग गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा भराभर खाली सरकतो. दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडीला कलवणारी तरफ लांब होते. स्प्रिंग कडक केली नसेल, तर खाली आणलेली गाडी मूळ गाडीपेक्षा जास्त कलते! त्यातच स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या टायरॉडचा कोन बिघडला, तर खड्ड्यात स्टिअरिंग न हलवता चाकं वळू लागतात. यावर लांब दांड्याचे बॉल जॉइंट मिळतात, पण बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांत २० ते २५ मिमीपर्यंत थांबलं तर त्यांची गरज पडत नाही.

केवळ कलणंच कमी करायचं असेल, तर उंचीला हात न लावता जाड अँटी-रोल बार घालता येतो. दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा तो गप्प असतो आणि गाडी कलू लागली की विरोध करतो. खुद्द माझ्दाने तर त्याहून वेगळी युक्ती केली. २०२२ च्या मॉडेलपासून एमएक्स-५ मध्ये कायनेमॅटिक पोश्चर कंट्रोल आलं: जोराच्या वळणात आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला किंचित ब्रेक लागतो आणि सस्पेन्शनच्या कोनांमुळे गाडीचा तो उचललेला कोपरा खाली ओढला जातो. एकही स्प्रिंग बदललेली नाही, आणि गाडी गरजेपुरती खाली येते.

कारखाने स्वतः गाडी खाली आणतात तेव्हा किती आणतात, हेही पाहण्यासारखं आहे. पोर्शेच्या ७१८ मालिकेत कंपनीचंच १० आणि २० मिमी खाली बसणारं सस्पेन्शन मिळत असे. ट्रॅकसाठी पुढची सगळी रचना बदललेली त्याच मालिकेतली केमन जीटी४ साध्या केमनपेक्षा ३० मिमी खाली आहे. बाजारातले ६०-७० मिमी खाली नेणारे संच या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत.

बसवण्याच्या कामातली एक चूक फार महागात पडते, आणि ती दिसत नाही. आर्मच्या टोकांना असलेले रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असतात. आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली असताना बोल्ट आवळले, तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत पकडलं जातं. गाडी खाली उतरवली की ते कायमचं पिळलेलं राहतं: राइड कडक वाटते, उंचीचं माप खोटं येतं आणि काही महिन्यांत बुश फाटतात. त्यासाठी बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उभी करायची, थोडी पुढेमागे ढकलून बसू द्यायची आणि मगच पाना फिरवायचा. उंची मोजायची ती चाकाच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंत, म्हणजे टायरच्या मापाचा किंवा हवेचा फरक त्यात येत नाही.

त्यानंतर अलाइनमेंट अटळ आहे. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, थोडा जरी चुकला, तरी टायर पाहता पाहता झिजतात. कॅम्बरने, म्हणजे चाकाचा माथा आत-बाहेर झुकल्याने, होणारी झीज त्या मानाने सावकाश असते. कॉइलओव्हर असतील, तर चालकाला आत बसवून चारही चाकांखाली वजनकाटे लावावेत आणि तिरक्या जोड्यांची बेरीज समान करून घ्यावी, नाहीतर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे वेगळंच वागते. शेवटी हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्यावा.

एमएक्स-५ भारतात कंपनीने कधी विकली नाही, पण हे सगळं गणित इथल्या प्रत्येक गाडीला लागू आहे, आणि त्यात गतिरोधकाची भर पडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असायला हवा. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ च्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २,२६५ मिमी. दोन्ही चाकं अशा गतिरोधकावर असताना मधला फुगवटा जेमतेम ३८ मिमी वर येतो. बरीच खाली आणलेली गाडीही हळू नेली तर सुखरूप जाते. अडचण होते ती गल्लीच्या तोंडाशी रातोरात घातलेल्या अरुंद, उभ्या उंचवट्याची. तो दोन चाकांच्या मधे पूर्ण उंचीने उभा राहतो. १३० मिमी ग्राउंड क्लिअरन्स असलेली गाडी ३० मिमी खाली आणली, तर १० सेंटिमीटरच्या अशा उंचवट्यावर तिचं पोट घासणारच. खड्ड्यात गाडी आणखी दबते, मग तेलाच्या चेंबरची धडगत नाही. महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये म्हणूनच नाक वर उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा मिळते. पोर्शे ९११ मध्ये ती पुढचा भाग सुमारे ४० मिमी उचलते.

कायद्याचं कुंपणही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. जर्मनीत वेगळी पद्धत आहे: सस्पेन्शनच्या संचाबरोबर चाचणीचं प्रमाणपत्र येतं, बसवल्यावर टीयूव्हीसारख्या संस्थेचा तपासनीस गाडी पाहतो आणि बदलाची अधिकृत नोंद होते. बिल्स्टाइन, आयबाख, एच अँड आर आणि केडब्ल्यू या चारही कंपन्या त्याच देशातल्या आहेत. इथे काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे विचारपूस करणं हिताचं, कारण अपघातानंतर दावा तपासणाऱ्याला बदललेलं सस्पेन्शन नेमकं दिसतं. आणि हौस ट्रॅकपुरतीच असेल, तर त्यासाठी कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट आहेतच.

दुकानात गेल्यावर विक्रेत्याला तीन आकडे विचारावेत: स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला किती, शॉकअपचा एकूण प्रवास किती, आणि सांगितलेल्या उंचीवर बंप स्टॉपपर्यंत उरलेली जागा किती. तिसरा आकडा ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून संच घेऊ नये. रस्त्यावर चालणाऱ्या एमएक्स-५ सारख्या गाडीसाठी क्रम असा राहील: आधी चांगले टायर आणि झिजलेले बुश बदलणं, मग दर्जेदार शॉकअप आणि नवे बंप स्टॉप, मग त्यांना जुळणाऱ्या स्प्रिंग्स, आणि या सगळ्यानंतर उंचीत २० ते २५ मिमीची घट. फेंडरच्या कमानीतली ती मोकळी जागा तेवढ्याने साधारण दोन बोटांनी कमी होते, आणि चाकाला वर जायला जागाही शिल्लक राहते.